पाहुण्यांसाठी लावलेलं कुलूप

आमच्या मंडळाचा सभासद ओळखायची एक सोपी खूण होती. लग्नाच्या पंगतीत तो कधीही मधल्या पाटावर बसत नसे. आल्या आल्या तो मांडवाला दारं किती ते मोजायचा, आचाऱ्याची भट्टी आणि कनातीचं कापड यांत किती हात अंतर आहे ते बघायचा आणि मग दाराजवळची जागा धरायचा. यजमानांना वाटायचं, पाहुणे रुसलेत. माझ्या सख्ख्या मेहुणीच्या लग्नात मी भट्टीशेजारी वाळूच्या दोन बादल्या आणून ठेवल्या, तेव्हा सासऱ्यांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन 'जावईबापूंची तब्येत बरी आहे ना?' असं हळूच विचारलं होतं.

मंडळाचं नाव 'जोखीम निवारक मंडळ, सोलापूर'. नाव वाचून सुरुवातीला दोघेतिघे ग्रहशांतीची चौकशी करायला आले. एकाने तर मुलीची पत्रिकाच पुढे केली. आम्ही होतो एकूण अकरा जण. कुणी माझ्यासारखे गिरणीतले सेफ्टी ऑफिसर, कुणी आग विझवणारे, कुणी विम्यासाठी नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर, तर एक बार्शीच्या सरकी काढायच्या कारखान्याचे व्यवस्थापक. आणीबाणीच्या आधीची वर्षं होती. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि त्या भोंग्यांवर शहराची घड्याळं लागत होती.

सेफ्टी ऑफिसर हा काय प्राणी, हे मला नोकरीभर समजावून सांगावं लागलं. माझ्या कामाचं फळ म्हणजे न लागलेली आग आणि न तुटलेलं बोट. ते कुणाला काढून दाखवता येत नाही. विणकर चादर दाखवू शकतो, मी काय दाखवणार? गिरणीतले लोक मला मागे 'आगसाहेब' म्हणायचे आणि मी खात्यात शिरलो की विड्या खिशात जायच्या. तेवढाच माझा दरारा.

मंडळाचे अध्यक्ष मेहेंदळे. विम्याचे सर्व्हेअर, मूळचे पुण्याचे, धोतर आणि त्यावर बंद गळ्याचा कोट. माणूस सरळ, इतका की त्यांच्याशी थट्टा केली तर ते ती वहीत टिपून घेतील अशी भीती वाटायची. उपाध्यक्ष पठाण. ते अग्निशामक दलात होते. आयुष्यभर आगी विझवून त्यांचा आवाज बसला होता, विनोद मात्र शाबूत होता. चिटणीस मी, बिराजदार.

आमचे उपक्रम ऐकाल तर हसाल. एकदा होटगीला, स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेत आग विझवण्याचं प्रात्यक्षिक ठेवलं. रेल्वेची माणसं, गावकरी, शाळेची मुलं अशी शंभरभर मंडळी जमली. लाकडं रचली, रॉकेल ओतलं आणि काडी लावली. आग लागेना. लाकडं आदल्या रात्रीच्या दवाने ओली झाली होती. अकरा आगतज्ज्ञ वाकून, गुडघ्यावर बसून, पुठ्ठ्याने वारा घालून आग लावायची खटपट करत होते आणि पब्लिक खो खो हसत होतं. शेवटी एका हमालाने चिपाडाची मूठभर पेंडी आणून एका काडीत ते पेटवलं आणि आम्हाला म्हणाला, "आता इजवा की, सायेब." पठाण पुढे कित्येक महिने ते वाक्य अध्यक्षांच्या पाठीमागे म्हणून दाखवायचे.

मंडळाचा खरा उपक्रम मात्र महिन्याच्या भेटीचा. दर महिन्याला एका सभासदाने बाकीच्यांना आपल्या कामाच्या जागी बोलवायचं. पाहुण्यांनी ती जागा फिरून बघायची आणि सुरक्षेतली किमान एक खोट शोधायची. खोट सापडल्याशिवाय चहा नाही, हा मेहेंदळ्यांचा नियम. सापडलेली खोट ते स्वतः मंडळाच्या वहीत लिहायचे. शेजारी 'उपाय' नावाचा रकाना होता. तो यजमानाने भरायचा.

कल्पना उत्तम होती. फक्त मेहेंदळ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक नव्हता. दुपारचे चार वाजलेत, बाहेर सोलापूरचं ऊन, आत भजी तळल्याचा वास येतोय, अशा वेळी पहिली खोट सापडली की दुसरी शोधायला कोण जाईल? हे पहिल्यांदा पठाणांच्या ध्यानात आलं. त्यांच्या ठाण्यावर आम्ही गेलो तर दारातच पाण्याचा पाइप उलटा गुंडाळून ठेवलेला. मेहेंदळे खूश, पठाण खजील, लगेच चहा. मी निघताना बघितलं, तर पठाण मला डोळा मारत होते.

झालं. त्या दिवसापासून प्रत्येक यजमान पाहुण्यांसाठी एक चूक मांडून ठेवायला लागला. ती दारातच सापडेल अशी हवी, दिसायला गंभीर हवी आणि निस्तरायला सोपी हवी. बार्शीच्या व्यवस्थापकांनी वाळूची बादली रिकामी करून फाटकाशी टांगली होती. चादरीच्या कारखान्यातल्या एकाने तर तसल्याच बादलीत तुळस लावली आणि मेहेंदळ्यांनी विचारल्यावर सांगितलं, "रोज पाणी घालावं लागतं साहेब, म्हणून बादलीकडे रोज लक्ष जातं." मेहेंदळे सोडून सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं. कुणी बोलायचं नाही. खऱ्या खोटी आत सुखाने नांदत होत्या आणि आम्ही बाहेर भजी खात होतो.

मग माझी पाळी आली.

आमच्या गिरणीत मागच्या अंगाला वेस्ट गोदाम होतं. वेस्ट म्हणजे यंत्रांतून पडलेला तुटका कापूस, सुताचे गुंते, धूळ. हे सगळं तिथं येई आणि आठ बायका बसून ते निवडत. त्यांतलीच एक त्यांची मुकादम, गंगव्वा. कुंभारीहून यायची, पन्नाशीची, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, घरात कानडी आणि गिरणीत मराठी. बावीस वर्षं त्याच गोदामात. त्या गोदामाच्या छताखालून विजेच्या ज्या वायरी गेल्या होत्या, त्यांचे सांधे चिंध्या गुंडाळून बांधलेले होते. मी मॅनेजरसाहेबांना तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही वेळा 'बघू' असा शेरा आला होता. आता विम्याचा सर्व्हेअर गिरणीत येणार म्हटल्यावर साहेबांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "बिराजदार, तुमच्या मंडळाने काय बघायचं ते बघावं. फक्त वर बघू नये."

मी हसलो आणि कामाला लागलो. हे लिहिताना त्या हसण्याची लाज वाटते.

गोदामाला दोन दारं. पुढचं मोठं, आणि मागे अंगणात उघडणारं छोटं. आग लागली तर पळायला ते मागचं. त्याला कुलूप कधीही लावायचं नाही, असं मीच बायकांकडून घोकून घेतलं होतं. शनिवारी पाहुणे यायच्या अर्धा तास आधी मी त्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. याहून देखणी चूक मंडळाच्या इतिहासात कुणी मांडली नव्हती.

मेहेंदळे आले, चार मिनिटांत कुलपापाशी पोचले आणि कुलूप हातात धरून म्हणाले, "सुटकेच्या दाराला कुलूप! बिराजदार, तुमच्या गिरणीत?" मी कपाळावर हात मारला. "कुणी लावलं हे?" असं बायकांकडे बघून खडसावलं सुद्धा. पठाण तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. नाटक इतकं वठलं की कुणाचीही मान वर गेली नाही. मग आम्ही कँटीनमध्ये गेलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भजी, चहा. मेहेंदळ्यांनी वही पुढे केली आणि मी चटणीच्या बोटांनीच 'उपाय' रकान्यात लिहिलं: 'कुलूप काढले. दार खुले.'

आमच्या मंडळात सगळेच तसं करायचे. उपाय आधी लिहायचा, करायचा नंतर. पाहुण्यांना निरोप देता देता संध्याकाळ झाली, गिरणीच्या गप्पा, पठाणांचे किस्से, आणि मी कोटासकट घरी गेलो. रविवार सुट्टीचा. सोमवारी सकाळच्या एस.टी.ने मी बार्शीला गेलो. तिथल्या कारखान्यात मंडळातर्फे माझं व्याख्यान होतं. विषय मीच निवडला होता: 'सुटकेची दारे'.

व्याख्यान रंगात आलं होतं. दार कसं बाहेरच्या बाजूला उघडावं, त्यापुढे पोतं सुद्धा ठेवू नये, वगैरे. सवयीने मी हात कोटाच्या खिशात घातला आणि बोटांना किल्ली लागली. पुढचं वाक्य मला आजही आठवत नाही. श्रोत्यांना वाटलं, वक्ते विषयात बुडाले. तेवढ्यात व्यवस्थापक लगबगीने आले आणि कानाशी लागले, "सोलापूरहून ट्रंककॉल आहे. तुमच्या वेस्ट गोदामात आग."

बार्शी ते सोलापूर त्या एस.टी.त मी कसा बसलो होतो ते सांगता येणार नाही. मी देवाला नवस बोलत होतो आणि मनातल्या मनात आठ बायका मोजत होतो. मोजताना कळलं की गंगव्वा सोडून एकीचंही नाव मला येत नाही.

गोदाम निम्मं जळलं होतं. बायका सगळ्या वाचल्या होत्या. झालं होतं असं की, वायरीच्या सांध्यातून ठिणगी पुढच्या दाराजवळच्या ढिगावर पडली आणि पुढची वाट बंद झाली. गंगव्वाने शिकवल्याप्रमाणे सगळ्यांना ओला पदर तोंडाला लावून, खाली वाकवून मागच्या दाराशी नेलं. तिथे माझं कुलूप. तिने कापूस तोलायचं वीस किलोचं लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचललं आणि कोयंड्यावर घातलं. तिसऱ्या घावाला कोयंडा उखडला. हे मला पठाणांनी सांगितलं. आग त्यांच्याच माणसांनी विझवली होती. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या दिवशी त्यांनी डोळा मारला नाही.

इथवरच असतं तर मी गुपचूप देवळात नारळ फोडला असता. पण गिरणीत चौकशी लागली. मॅनेजरसाहेबांना वायरींचं नाव नको होतं, आणि त्यांच्या हाती मंडळाची वही आली. ती गिरणीच्या कँटीनमध्येच राहिली होती. साहेबांनी मला बोलावून माझंच अक्षर माझ्यापुढे धरलं.

"हे तुम्ही शनिवारी लिहिलंय. दार खुले. बरोबर?"

"हो."

"म्हणजे सोमवारचं कुलूप बायकांनीच लावलं. आतून लावलेलं होतं ना? दार लावून घ्यायचं आणि आत मिश्री भाजत बसायचं. त्यातून आग. मुकादम जबाबदार."

गिरणीतल्या बायका मिश्री लावायच्या हे खरं. तंबाखू तव्यावर जाळून करतात ती. पण गोदामात त्यांनी कधी काडी सुद्धा पेटवली नव्हती. गंगव्वाला त्याच दिवशी कामावरून बंद केलं. गुरुवारी चौकशी, आणि निकाल काय लागणार ते शिपायालाही ठाऊक होतं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. बावीस वर्षांची नोकरी माझ्या चार शब्दांनी जाणार होती.

मी काय केलं? काही नाही. तीन दिवस मी काहीही केलं नाही. पठाणांकडे गेलो आणि किल्ली अजून माझ्याच खिशात आहे हे सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "किल्ली तालाब में फेक देव, साब. हुआ सो हुआ." आणि लगेच, "नहीं तो बोल देव. मैं क्या बोलूं, मैंच तो तुमकू ये सिखाया."

बुधवारी संध्याकाळी मी खरोखरच तळ्यावर गेलो. काठावर उभा राहिलो, खिशात हात घातला. मागून आवाज आला, "काय आगसाहेब, आता पाण्याची बी तपासनी व्हय?" गिरणीतल्या विणकरांवरचा एक जॉबर बायकोमुलांसह भेळ खात उभा होता. मी त्याला कठडा किती उंच असावा यावर पाच मिनिटं माहिती दिली आणि किल्लीसकट घरी आलो.

गुरुवारी सकाळी गिरणीच्या फाटकाबाहेर गंगव्वा लिंबाखाली बसली होती. चौकशीची वेळ अकराची, ती आठपासूनच आलेली. दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या. मी नजर चुकवून निघालो होतो, तिनेच हाक मारली.

"साहेब, मी आत काय सांगू?"

"जे झालं ते सांग."

"कुलूप कुनी लावलं, ते बी सांगू?"

मी तिच्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"तुमी लावताना मी समोरच बसलेली की," ती म्हणाली. "मला वाटलं, साहेबाचं काय तरी काम असंल. सोमवारी इचारनार होते, तर तुमी बार्शीला."

"मग एवढे दिवस मॅनेजरसाहेबांना सांगितलं का नाहीस?"

"माझं कोन ऐकतंय? आन् तुमी सांगशिला, म्हून थांबले. लई दिवस लावलं तुमी."

चौकशीच्या खोलीत मॅनेजरसाहेब होते, लेबर ऑफिसर होते आणि नुकसानीची पाहणी करायला विम्यातर्फे आलेले मेहेंदळे होते. मी खुर्चीवर न बसताच किल्ली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पाहुण्यांसाठी चूक मांडायची आमची पद्धत, पाइप, बादल्या, तुळस, कुलूप, चटणीच्या बोटांनी लिहिलेला उपाय, सगळं. विनोदी किस्सा असल्यासारखं तोंडातून निघत होतं आणि एकही माणूस हसत नव्हता.

मेहेंदळ्यांचा चेहरा मी पुढे कधी विसरलो नाही. मास्तरांची सगळी शाळाच कॉपी करत होती, असं त्या क्षणी त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी कुलूप पाहिलं," ते म्हणाले. "त्यानंतर मी काय पाहिलं नाही, बिराजदार?"

"वर पाहिलं नाहीत."

"वर काय होतं?"

मॅनेजरसाहेब खाकरले. मी म्हणालो, "वायरी. माझी तीन पत्रं फायलीत आहेत."

मेहेंदळे उठले, शिडी मागवली आणि धोतराचा काचा मारून त्या जळक्या गोदामात स्वतः वर चढले. साठीचा माणूस. खाली उतरले तेव्हा हात काळे होते. आग मिश्रीने लागली असं लिहिलेल्या साहेबांच्या कागदावर सही करायला त्यांनी नकार दिला. गंगव्वा सोमवारपासून कामावर आली. मला एक मेमो मिळाला, आणि पुढे निवृत्तीपर्यंत मी त्याच खुर्चीत, त्याच हुद्द्यावर राहिलो. वायरी बदलल्या. मंडळ आणखी दोनेक वर्षं चाललं. मेहेंदळे शेवटपर्यंत अध्यक्ष होते, पण माझ्याशी ते पुन्हा मोकळेपणाने बोलले नाहीत. त्याचं वाईट वाटतं. आजही वाटतं.

आगीचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मी सेफ्टी ऑफिसर, तेव्हा ते माझंच. या वेळी खरं लिहायचं ठरवलं होतं, आणि लिहिलंही. साक्षीदार म्हणून गंगव्वाचा अंगठा हवा होता. ती निवडणीच्या नव्या जागेत बसली होती, हातांच्या जखमा अजून ओल्या. मी शेजारच्या गठ्ठ्यावर बसून तिला वाचून दाखवलं. वाचताना मनातून थोडा खूश होतो. वाटलं, आता ती म्हणेल की साहेब, बरं केलं. मी वाचलं, 'प्रसंगी मुकादम गंगव्वा व इतर सात स्त्री-कामगार गोदामात होत्या...'

"थांबा," ती म्हणाली. "इतर सात म्हंजी कोन?"

मी कागद उलटून पाहिला.

"तुमच्या कुलपामागं आमी होतो न्हवं? मग नावं लिवा की."

ती एकेक नाव सांगत गेली आणि मी समासात लिहीत गेलो. शांतव्वा. मलकव्वा. काशीबाई. रजियाबी. नरसम्मा. पार्वती. प्रत्येक नावाला समोरची एकेक बाई मान वर करत होती. शेवटी ती म्हणाली, "सुगलाबाई," आणि कोपऱ्यातली एक तरणी बाई पदर सावरून जराशी हसली.

"झाल्या आठ," मी म्हणालो आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला.

गंगव्वाने हात पुढे केला नाही.

"आठ न्हाय साहेब. नऊ लिवा. सुगलाबाईला सातवा लागलाय."

मी नऊ लिहिलं. हजेरीपटावर आठच आहेत म्हणून मॅनेजरसाहेबांनी तो आकडा खोडला आणि अहवाल परत पाठवला. तो तीन वेळा टाइप झाला. तिन्ही वेळा मी नऊच लिहिलं.